आठ नंबरच्या जागी

आर्वी रोडला, जकात नाक्याच्या जरा अलीकडे
बंद पडलेल्या जिनात
आता उड्या मारायला मिळतात.
तासाचे दोनशे, मोजे वेगळे.

मे महिना. टाटा मॅजिकमध्ये अकरा पोट्टे,
एक मी, शाळेची बाई,
आणि सेवंतामावशी, जिला कुणी बोलावलं नव्हतं.
"मले फकत पाहाचं हाय वं," म्हणाली
आणि ड्रायव्हरच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

काउंटरवरच्या पोरानं केस भुरे केलेले.
त्यानं फॉर्म दिले बारा.
पडलात, मोडलात, मान लचकली
तर कंपनी जबाबदार नाही. खाली सही.
मी अकरा वेळा सही केली
दर सहीला एकेकाची आई समोर आणून.
बारावा फॉर्म मावशीनं ओढून घेतला.
डाव्या हाताला तिला तीनच बोटं. उजव्यानं लिहिलं
सेवंता किसन नागोसे,
काना-मात्रा सगळं जागच्या जागी,
आणि पोराला म्हणाली,
"तवा त असा कागदबी नोता देल्ला कोनं."
त्याला कळलं नाही. त्यानं मोजे दिले.

आत चार कूलर, बैलाएवढे. वाळ्याचा वास,
आणि त्याच्याही खालून, फरशीतून, रबराच्या पोटातून
अजून सरकीच्या तेलाचा.
पत्रे तेच. कैच्या त्याच.
त्यांना आता गुलाबी दिवे लटकवलेले,
खाली ताणलेल्या जाळ्या,
आणि जाळ्यांवर माझे पोट्टे
लाह्यांसारखे फुटायला लागले.

आचल, जी हजेरीलासुद्धा ओठातच बोलते,
हवेत उलटी झाली आणि खणखणीत शिवी दिली.
मी ऐकली नाही.
सुगत रॅम्पच्या काठावर सायकल धरून उभा.
धरणाच्या भिंतीवरून हात सोडून चालवणारा हा,
हेल्मेट घातल्यावर घाबरला.
"बाई, टोपी घातली का पडाची आठवन येते."
खाली उतरला, पाणी प्याला, पुन्हा चढला,
पुन्हा उभा.
त्या दिवशी त्यानं सायकल सोडलीच नाही. सांगून ठेवते,
कारण घरी त्यानं वेगळं सांगितलं.

मावशी तोवर पावलं मोजत होती.
दारापासून बावीस, मग डावीकडं नऊ.
"अटी होती आठ नंबर."
तिथं आता हौद,
स्पंजच्या चौकोनी तुकड्यांनी काठोकाठ.
"आन मांगं रुईची गंजी. दुपारी
मुकरदम झोपला का आमी पोरी उड्या मारो.
सापडलो का अर्धा रोज कापे."
मी काही विचारणार, तेवढ्यात ती
पदर खोचून फळीवर.
शिट्टीवाला पोरगा धावला, आजी, अवो आजी, वय...

पाठीवर पडली, सोडून दिल्यासारखी.
आवाज आला नाही.
मग नुसते स्पंज हलले,
आणि खालून एक हसू
जे तिच्या घरी मी कधीच ऐकलं नव्हतं.

निघता येईना तिला. अकराही जण ओढायला.
कमरेपर्यंत वर आली तेव्हा दिसलं,
डावा हात अजून खालीच, चाचपत होता.
"काय हरपलं, मावशी?"
"काई नाई वं. मोजा निंगाला एक."
मोजे दोन्ही पायांत होते.

तास संपला. पूर्वी इथं भोंगा व्हायचा,
आता शिट्टी.
बाहेर पडताना दारात मावशी थांबली,
पदर झटकला, खांदे झटकले, केसांवरून हात फिरवला,
पेटी सुटल्यावर रोज झटकायची तसं.
काहीच पडलं नाही.
पोट्ट्यांना वाटलं, हा इथला नियम असावा.
अकराही जणांनी उंबऱ्यावर अंग झटकलं,
आणि पडले स्पंजचे कण, भाजलेले वाटाणे,
एक दोनाचं नाणं, आचलची रिबीन.

भुऱ्या केसांचा पोरगा
झाडू शोधत राहिला.